माथ्यावरची स्वाती

एप्रिल महिना सरत आला असता मुंबईतील एखाद्या गच्चीवर, मध्यरात्र उलटून चाळीस-एक मिनिटे झाल्यावर, जो कोणी उताणा पडून आकाशाकडे पाहील त्याला आपल्या डोक्याच्या नेमका वर, ज्योतिषी ज्याला खमध्य म्हणतात त्या बिंदूपाशी, नारिंगी छटेचा एक तेजस्वी तारा दिसेल. हा स्वातीचा तारा होय. स्वातीच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला म्हणजे त्याचा मोती होतो, ही कविकल्पना आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. परंतु भूगोलावर विषुववृत्ताच्या उत्तरेस मुंबई जितके अंश आहे, आकाशातील विषुववृत्ताच्या उत्तरेस हा तारा जवळजवळ तितकेच अंश आहे, दोन्ही आकडे एकोणिसाच्या घरातले आहेत, आणि म्हणूनच तो रोज आपल्या माथ्यावरून जातो, ही साधी गोष्ट शाळेत कोणी सांगितल्याचे प्रस्तुत लेखकाला तरी स्मरत नाही. अक्षांश म्हणजे काय हे आम्ही नकाशावरील आडव्या रेघांवरून शिकलो आणि परीक्षेपुरते लक्षात ठेवले.

मुंबईचा हाच अक्षांश धरून पूर्वेकडे जात राहिले असता पॅसिफिक महासागराच्या मध्यावर हवाई द्वीपसमूहातील सर्वांत मोठे बेट लागते. तेथेही स्वाती माथ्यावर येते. तेथील लोक तिला होकुलेआ, म्हणजे आनंदाचा तारा, म्हणतात. दक्षिणेस सुमारे अडीच हजार मैलांवर असलेल्या ताहितीहून निघालेल्या नावेला हा तारा रात्रीमागून रात्री माथ्याच्या अधिकाधिक जवळून जाताना दिसतो, आणि तो अगदी डोक्यावरून जाऊ लागला की बेटाचा अक्षांश गाठला असे समजून नाव पश्चिमेस वळवायची, एवढाच हिशेब शिल्लक राहतो. नाव पश्चिमेसच का वळवायची, तर ती आरंभापासून मुद्दाम पूर्वेच्या अंगाने आणलेली असते. कारण तेथील व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात, आणि बेट एकदा वाऱ्याच्या वरच्या बाजूस राहून गेले तर वाऱ्याशी झगडत परतणे फार दुष्कर. ज्यांच्यापाशी होकायंत्र नव्हते, घड्याळ नव्हते, लिपीही नव्हती, अशा लोकांची ही विद्या विज्ञानाच्या वर्गात कशी आली, किंवा अधिक खरे बोलायचे तर विज्ञानाचा वर्ग तिच्या नावेवर कसा चढला, ती हकिकत या प्रकरणात सांगावयाची आहे.

युरोपीय विद्वानांच्या दृष्टीस ही विद्या पडली नव्हती असे नाही. १७६९ साली कॅप्टन कुकच्या 'एन्डेव्हर' जहाजावर ताहिती येथे तुपाया नावाचा एक पुरोहित आणि नाविक चढला. तो रायातेआ बेटाचा. त्याने दिलेल्या माहितीवरून चौऱ्याहत्तर बेटांचा एक नकाशा तयार झाला, आणि कुकबरोबर असलेल्या जोसेफ बँक्सच्या कागदपत्रांत त्याची नक्कल जपली गेली. परंतु उत्तर वर आणि दक्षिण खाली या आपल्या शिरस्त्याप्रमाणे नकाशा वाचू जाता बेटे आपापल्या जागी सापडेनात. सबब नकाशा चुकीचा, असा निकाल होऊन तो दफ्तरात पडून राहिला. तुपाया १७७० च्या अखेरीस बटाव्हियात मरण पावला, तेव्हा त्याची बाजू मांडणारा कोणी उरला नाही. २०१९ साली पॉट्सडॅम विद्यापीठातील दोन अभ्यासकांनी असे प्रतिपादन केले की, तुपायाने दिशा मोजल्या त्या मध्यान्हीचा सूर्य जेथे असतो त्या बाजूपासून, आणि त्याही प्रत्येक बेटावर नव्याने उभे राहून. नकाशा तसा वाचला तर पुष्कळशी बेटे जागेवर येतात. हे प्रतिपादन सर्वांना मान्य झाले आहे असे नव्हे. पण अडीचशे वर्षे चूक लिहिणाराची मानली गेली, आणि ती वाचणाराची असू शकेल ही शंका यायला इतका काळ जावा लागला, हे मात्र निर्विवाद.

मध्यंतरीच्या काळात अविश्वासाला पांडित्याचे रूप आले. १९४७ साली थोर हायरडाल या नॉर्वेजियन साहसी पुरुषाने पेरूहून बाल्सा लाकडाचा तराफा सोडला आणि १०१ दिवसांनी तो रारोइया या प्रवाळबेटावर जाऊन आदळला. त्यावरून पॉलिनेशियाची वस्ती वाऱ्या-प्रवाहांबरोबर अमेरिकेतून वाहत आली असावी, असे त्याने मांडले. १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या अँड्र्यू शार्प याने लिहिले की, दूरची बेटे हेतुपुरस्सर शोधली गेलीच नाहीत, भरकटलेल्या होड्यांना ती योगायोगाने सापडली. या दुसऱ्या मताचा पडताळा १९७३ साली तीन संशोधकांनी संगणकावर घेतला: वाऱ्यांची आणि प्रवाहांची नोंदलेली माहिती यंत्रास पुरवून त्यांनी हजारो काल्पनिक होड्या समुद्रात मोकाट सोडल्या, आणि त्यांतली एकही नुसती वाहत हवाईस पोहोचेना. संगणकाने नाविकांची बाजू घेतली, असे विनोदाने म्हणता येईल.

परंतु नाविक होते कोठे? १९७३ मध्येच मानववंशशास्त्रज्ञ बेन फिनी, चित्रकार हर्ब काने आणि टॉमी होम्स यांनी हवाईत पॉलिनेशियन व्हॉयेजिंग सोसायटी स्थापन केली, आणि जुन्या धाटणीची सुमारे बासष्ट फूट लांबीची एक जोडनाव बांधून १९७५ च्या मार्चात पाण्यात सोडली. तिचे नाव अर्थातच 'होकुलेआ'. नाव झाली, पण यंत्राविना ती ताहितीस नेऊ शकेल असा एकही माणूस हवाईत उरलेला नव्हता. जेथे १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी ठरले आणि दोन-तीन पिढ्यांत घरची भाषाही मागे पडली, तेथे ताऱ्यांची नावे तरी कोणाच्या ओठी राहणार? शेवटी मायक्रोनेशियातील साटावाल या चिमुकल्या बेटावरून माऊ पियाइलुग यांना पाचारण करावे लागले. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे, ती ही की माऊ पॉलिनेशियन नव्हते. त्यांची भाषा वेगळी, होडी उलांडीची, आकाश सात अंश उत्तरेचे, आणि ताहितीचा मार्ग तर त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता. शिवाय 'होकुलेआ'च्या बांधणीत प्लायवुड आणि फायबरग्लास होते. तात्पर्य, ज्याला आपण परंपरेचे पुनरुज्जीवन म्हणतो ते बहुधा असे उसनवारीचे आणि जोडकामाचे असते. ते तसे कबूल करण्यात कमीपणा नाही, लपवण्यात आहे.

माऊंचे शिक्षण कसे झाले ते पाहण्याजोगे आहे. ते वर्ष-दीड वर्षाचे असतील तेव्हाच त्यांचे आजोबा त्यांना खडकांतील भरतीच्या डबक्यांत बसवीत, हेतू हा की पाण्याची हालचाल अंगाला कळावी. पुढे वर्ग भरे तो जमिनीवर. वाळूत पोवळ्याचे बत्तीस खडे वर्तुळाकार मांडायचे, मध्यभागी पानाची होडी ठेवायची, आणि प्रत्येक खड्याला त्या दिशेस उगवणाऱ्या किंवा मावळणाऱ्या ताऱ्याचे नाव द्यायचे. त्या नावांचे मराठी प्रतिशब्द आपल्या पंचांगात आहेत: श्रवण, अभिजित, कृत्तिका, रोहिणी, ज्येष्ठा. श्रवणाचा तारा जेथे उगवतो ती पूर्व. आणि त्याला त्या बेटांवर मोठा पक्षी म्हणत असल्याने टॉमस ग्लॅडविन या संशोधकाने १९७० साली पुलुवात बेटाच्या नाविकांवर जो ग्रंथ लिहिला त्याच्या नावातच पूर्व म्हणजे मोठा पक्षी असे म्हटले आहे.

या खड्यांच्या खेळामागील तत्त्व थोडक्यात असे. कोणताही तारा रोज चार मिनिटे आधी उगवतो, पण उगवतो क्षितिजावरच्या त्याच जागी. सूर्याप्रमाणे तो उत्तरायण-दक्षिणायन करीत नाही. शिवाय विषुववृत्ताच्या आसपास तारे जवळजवळ उभे वर चढतात, त्यामुळे उगवल्यावर पुष्कळ वेळ ते आपल्या दिशेवरच राहतात. तेव्हा एक तारा फार उंच गेला की त्याच जागी उगवणारा दुसरा तारा धरायचा, तो चढला की तिसरा. अशा आठ-दहा ताऱ्यांच्या माळेवर रात्र निभावते. दिवसा किंवा अभ्राच्छादित रात्री नाविक नावेच्या पोटात आडवा होतो आणि दूरच्या वाऱ्यांनी उठवलेल्या लांब लाटा नावेला कोणत्या अंगाने उचलतात ते पाठीला समजून घेतो. होकायंत्राची सुई एक, पण लाटांच्या दिशा एकाच वेळी दोन-तीन असतात. त्या एकमेकींतून विलग करून ओळखणे हे कसब वर्षानुवर्षांच्या अभ्यासानेच येते.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे एताक. आपण प्रवासाचा हिशेब करतो तो पक्ष्याच्या नजरेने: नकाशा स्थिर, त्यावरून होडीचा ठिपका सरकतो. साटावाल ज्यांत मोडते त्या कॅरोलाइन बेटांवरचा नाविक उलट मानतो. होडी स्थिर, वरचे तारे स्थिर, आणि बेटे मात्र चालत येतात, चालत जातात. ज्या बेटास जायचे ते समोरून जवळ येते, सोडलेले मागे हटते, आणि मार्गाच्या एका अंगास असलेले, क्षितिजापलीकडचे, कधीही दृष्टीस न पडणारे तिसरे एक बेट एका ताऱ्याखालून दुसऱ्या ताऱ्याखाली सरकत राहते. ते असे किती तारे ओलांडून गेले, त्यावरून प्रवास किती झाला ते ठरते. आगगाडीत बसलेल्या मुलाला झाडे पळताना दिसतात, आणि आपण त्याला सांगतो की झाडे पळत नाहीत, गाडी पळते. साटावालच्या गुरुजींनी त्याला सांगितले असते की झाडे पळतात असेच धर, आणि कोणते झाड किती पळाले ते मोज म्हणजे गाव कधी येईल ते कळेल. सापेक्ष गतीचा पाठ अकरावीच्या पुस्तकात रूक्ष सूत्रांनी सुरू होतो. त्याच्या आरंभी एताक ठेवले तर पाठ अधिक सोपा होईल असे माझे मत नाही, पण अधिक सखोल होईल हे खास, कारण संदर्भचौकट बदलली तरी उत्तर बदलत नाही, हे तेथे प्राणावर बेतलेल्या व्यवहारात सिद्ध झालेले आहे.

१ मे १९७६ रोजी 'होकुलेआ' माउई बेटावरून निघाली. खलाशांत भांडणे झाली, वारा पडला, तरी जूनच्या आरंभी ती ताहितीच्या पपीते बंदरात शिरली, आणि किनाऱ्यावर हजारो लोक लोटले. शार्पच्या मताचे उत्तर मिळाले. माऊ मात्र खलाशांच्या वर्तनाने इतके उद्विग्न झाले होते की परतीच्या प्रवासास न थांबता ते घरी निघून गेले. विद्या सिद्ध झाली, पण शिष्य एकही तयार नव्हता. १९७८ मध्ये नाव पुन्हा निघाली ती मोलोकाईच्या सामुद्रधुनीत रात्री उलटली. मदत आणण्यासाठी लाटफळीवर निघालेला एडी आयकाऊ हा तरुण परत आला नाही.

१९७६ च्या परतीच्या सफरीत नैनोआ थॉम्पसन नावाचा एक हवाईयन तरुण होता. शिकवायला कोणी नव्हते, तेव्हा तो होनोलुलूच्या बिशप म्युझियमच्या तारांगणात जाऊ लागला. तेथील व्याख्याते विल किसेल्का यांनी त्याला हवी तेव्हा घुमटाखालची यंत्रे चालवण्याची मुभा दिली, आणि दोघांनी मिळून तासन्‌तास आकाश पुढे-मागे फिरवले, अक्षांश बदलून पाहिले. अशाच एका प्रयोगात नैनोआच्या लक्षात आले की, ताऱ्यांच्या काही जोड्या एका विशिष्ट अक्षांशावर एकाच क्षणी मावळतात, आणि तेथून उत्तरेस-दक्षिणेस सरकले की हा मेळ मोडतो. व्याध आणि पुनर्वसूचा ठळक तारा ही अशीच एक जोडी. मुंबईत व्याध मावळल्यानंतर सुमारे दोन तासांनी तो तारा मावळतो. दक्षिणेस जावे तसतसे हे अंतर घटत जाते, आणि ताहितीच्या अक्षांशावर दोघे बरोबरच समुद्रात उतरतात. ही युक्ती माऊंची नव्हती. ती तारांगणात जन्मली, नावेवर वापरली गेली, आणि आज हवाईयन नौकानयनाचा भाग म्हणून शिकवली जाते. आता ती परंपरा म्हणावी की विज्ञान? मला हा प्रश्नच गौण वाटतो. गोलीय त्रिकोणमितीने ती ताडून पाहता येते आणि समुद्रावर ती उपयोगी पडते, एवढे पुरे आहे.

दुसरे उदाहरण त्रिशंकूचे. या चार ताऱ्यांतला वरचा आणि खालचा यांत सहा अंशांचे अंतर आहे. त्रिशंकू आकाशात सरळ उभा असताना होनोलुलूच्या अक्षांशावर खालचा तारा क्षितिजापासूनही तेवढाच, सहा अंशच, वर असतो. म्हणजे दोन अंतरे समान दिसली की घर आले. होनोलुलू आणि आपले नागपूर यांचे अक्षांश जवळजवळ सारखे, एकवीस अंशांच्या किंचित वर. मेच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास, क्षितिज स्वच्छ असेल तर, नागपूरच्या मुलाने हात लांब करून बोटांनी ही दोन अंतरे मोजावीत, आणि त्याच रात्री मुंबईच्या मुलाने तीच मोजून पाहावीत. मुंबईत खालचे अंतर स्पष्टपणे मोठे येईल. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. अनुदानाची तजवीजही लागत नाही.

१९७९ मध्ये माऊ नैनोआस शिकवण्यासाठी हवाईत परत आले. त्यांच्या एका परीक्षेची हकिकत प्रसिद्ध आहे. ओआहू बेटाच्या कड्यावर उभे करून त्यांनी शिष्याला ताहितीची दिशा विचारली. ती त्याने दाखवली. मग त्यांनी विचारले की बेट दिसते का. अडीच हजार मैलांवरचे बेट दिसणे शक्य नव्हते, तरी थोडा विचार करून तो म्हणाला की मनात त्याचे चित्र दिसते. आणि हे चित्र हरवले तर नावही हरवेल, एवढे सांगून माऊंनी पाठ संपवला. ज्यांना अशा गोष्टीत गूढवादाचा वास येतो त्यांनी ध्यानात घ्यावे की, नोंदवही, नकाशा आणि पेन्सिल यांची जागा ज्याच्या स्मृतीने घ्यायची आहे त्याला हे सांगणे म्हणजे अगदी व्यावहारिक सूचना होय.

१९८० साली नैनोआने स्वतः नाव ताहितीस नेली आणि परत आणली. माऊ बरोबर होते, पण बहुधा गप्प. प्रवासाच्या अखेरीअखेरीस एका सकाळी एक पक्षी उडत गेला. भूमीवर घरटे करणारे असे पक्षी सकाळी समुद्रावर जातात आणि सायंकाळी परततात. श्वेत कुररी भूमीपासून १२० मैलांपर्यंत जाते असे धरले जाते. तेव्हा सकाळी पक्षी जिकडे जातो त्याच्या विरुद्ध बाजूस भूमी, या नियमाने नैनोआने नाव मागे वळवली. तेव्हा माऊ बोलले: वळा, आणि पक्ष्यामागे चला. सुमारे तासाभराने बेट दिसले. पुढे विचारता त्यांनी उलगडा केला की पक्ष्याच्या चोचीत मासा होता; घरट्यात पिले असण्याचा तो हंगाम, आणि चोचीत मासा घेऊन निघालेला पक्षी सकाळीदेखील घराकडेच जात असतो. नियम नैनोआने पाठ केलेला होता; नियमाचे कारण माऊंनी पाहिलेले होते. विज्ञानशिक्षणावरील पुष्कळ ग्रंथ एवढी गोष्ट समजावून देण्यात खर्ची पडले आहेत.

पॅसिफिकमध्ये शिक्षणसाहित्यही होते. मार्शल बेटांवर माडाच्या हिरांच्या चौकटी बांधून त्यांवर कवड्या बसवीत. हीर म्हणजे लाटांच्या दिशा, कवड्या म्हणजे बेटे. विंक्लर या जर्मन नौदलाच्या कप्तानाने १८९८ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. युरोपीय लोकांना ते नकाशे वाटले, पण नाविक ते समुद्रावर नेत नसत. ती वर्गातली प्रतिकृती होती, बेटाला वळसा घालून लाट कशी वाकते आणि मागच्या बाजूस तिची दुसरीशी कशी गाठ पडते ते शिकवणारी. या विद्येचे एक केंद्र रोंगेलाप बेटावर होते. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बाँबचा जो स्फोट केला त्याची किरणोत्सर्गी राख रोंगेलापवर पडली, माणसे उठवली गेली, आणि त्यांच्याबरोबर ती शाळाही उठली. देशी विद्या आधुनिकतेच्या स्पर्शाने आपोआप सुकली, असे जेव्हा लिहिले जाते तेव्हा हा दाखला पुढे करावा.

देशी ज्ञान पाठ्यक्रमात आणण्याचा वाद या पार्श्वभूमीवर वाचावा. न्यूझीलंडमध्ये माओरी ज्ञानपरंपरेला, म्हणजे मातौरांगा माओरीला, शालेय अभ्यासक्रमात इतर ज्ञानाच्या बरोबरीचा दर्जा देण्याची योजना पुढे आली, तेव्हा जुलै २०२१ मध्ये ऑकलंड विद्यापीठातील सात प्राध्यापकांनी 'लिसनर' साप्ताहिकात पत्र लिहून हरकत घेतली की, हे ज्ञान सांस्कृतिक दृष्ट्या मोलाचे असले तरी विज्ञान नव्हे. प्रत्युत्तरांचा वणवा पेटला. उभयपक्षी पुष्कळ बुद्धी खर्च झाली, पण बहुतेक सारा वाद दर्जाचा झाला: कोण कोणाच्या पंक्तीला बसणार. 'होकुलेआ'वर हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तेथे प्रश्न एवढाच होता की उद्या सकाळी नाव कोठे असेल. प्राध्यापकांचे म्हणणे मला अपुरे वाटते, कारण ज्या ज्ञानाला चूक ठरण्याची संधी समुद्र रोज देतो त्याला पडताळ्याविना चाललेली श्रद्धा म्हणता येत नाही. पण जे केवळ अभिमानापोटी परंपरेची चौकट धड्याच्या कोपऱ्यात छापतात, तेही तिचा सन्मान करीत नाहीत, कारण चौकटीतल्या मजकुराला परीक्षा द्यावी लागत नाही.

परीक्षा घ्यायची म्हणजे आपल्या आवडत्या गोष्टीचीही घ्यायची. या प्रकरणाच्या आरंभी स्वातीचे जे कौतुक केले त्याचेच पाहा. संपातचलनामुळे आणि थोडे तिच्या स्वतःच्या गतीमुळे स्वाती दर शतकास सुमारे अर्धा अंश दक्षिणेकडे सरकते आहे. सात-आठशे वर्षांपूर्वी ती उज्जैनीच्या माथ्यावरून जात असे. आणि हजार वर्षांपूर्वी, जेव्हा हवाईची वस्ती अलीकडच्या संशोधनाप्रमाणे नुकतीच होत होती, तेव्हा तिचे स्थान चोवीस अंशांच्या पुढे, म्हणजे हवाईच्या मुख्य बेटांच्याही उत्तरेस होते. मूळ वसाहतकारांना बेटाची खूण म्हणून आजची स्वाती उपयोगी पडली नसणार. त्यांचा माथ्यावरचा तारा निराळा असला पाहिजे. संपातचलनाचा आधार घेऊन लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' लिहिला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या हिशेबाचे नवल वाटू नये. हा आक्षेप वर्गात मांडला तर 'होकुलेआ'ची प्रतिष्ठा कमी होत नाही, उलट एक उत्तम धडा मिळतो.

आपल्या किनाऱ्यावरही असा धडा आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा ताशी सुमार निघतो, हा हिशेब मुंबई-कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. चंद्र तिथीगणिक मागे पडतो हे त्याचे कारण. पण चोवीस तास तीस तिथींत वाटले तर वाट्याला अठ्ठेचाळीस मिनिटे येतात आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीसच. तीन मिनिटांची ही तूट साचत जाऊन पौर्णिमेस पाऊण तासाची होते. कोळीवाड्यातल्या मुलाने हे गणित आजोबांपुढे मांडावे. आजोबा बहुधा हसतील, आणि पौर्णिमेस ते आकड्यावर न विसंबता आणखी काय पाहतात ते सांगतील. तो दुसरा भाग कोणी लिहून घेतलेला मला तरी आढळला नाही. कच्छ-काठेवाडच्या किनाऱ्यावर मार्गदर्शक नाविकाला मालम म्हणत. मूळ अरबी शब्द मुअल्लिम, आणि त्याचा अर्थ शिक्षक.

हवाईत पुढे पुष्कळ घडले. सर्वस्वी पारंपरिक साहित्याची 'हवाइलोआ' ही नाव बांधायचे ठरले तेव्हा तिच्याजोगा कोआ वृक्ष साऱ्या बेटांवर मिळेना, आणि अलास्काच्या मूळनिवासींनी दिलेल्या स्प्रूसच्या ओंडक्यांवर काम भागवावे लागले. नौकानयनाचा पाठ अशा रीतीने अरण्याच्या पाठापर्यंत पोहोचला. १९९२ मध्ये 'होकुलेआ' समुद्रात असताना 'कोलंबिया' अवकाशयानातून लेसी व्हीच या हवाईच्या अंतराळवीराने तिच्याशी संभाषण केले, आणि हवाईतील शाळांतली मुले ते ऐकत होती. एकाच वेळी दोन नावा, आणि दोन्ही तारे पाहून चाललेल्या.

माऊंवर मात्र त्यांच्या मुलखात टीका झाली. ही विद्या कुळांची ठेव, परक्यांपुढे उघडायची नव्हे, असा तेथील दंडक. त्यांनी तो मोडला, कारण साटावालची स्वतःची मुले शिकायला पुढे येत नव्हती. २००७ साली त्याच बेटावर त्यांनी नैनोआसह पाच हवाईयनांना पो हा संस्कार देऊन नाविकपणाची सनद दिली. तेथे तो सोहळा सुमारे पन्नास वर्षांत झाला नव्हता. त्याच वेळी हवाईकरांनी गुरुदक्षिणा म्हणून एक जोडनाव बांधून त्यांच्या स्वाधीन केली. तिचे नाव 'अलिंगानो मैसू'. मैसू म्हणजे वादळी वाऱ्याने झाडावरून खाली पडलेला नीरफणस. झाडावरचे फळ ज्याचे झाड त्याचे. पण खाली पडलेले मैसू साटावालमध्ये कोणीही उचलून न्यावे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. २०१० मध्ये माऊ वारले. ती नाव त्यांच्या मुलाने चालवली. तो पालाऊच्या महाविद्यालयात नौकानयन शिकवू लागला.